तुम्ही विचारलंत म्हणून: सगळी घरं कौलारूच का?

माझी जलरंगातली चित्रं कुणी चाळली की चौथ्या-पाचव्या चित्राला हा प्रश्न येतोच. कोकणात आता निम्मी घरं स्लॅबची झाली, मग तुमच्या चित्रांत एकही कशी नाही? विचारणाऱ्याने उत्तरही मनात धरलेलं असतं. आजीचं घर, मे महिन्याची सुट्टी, गेले ते दिवस. मी नुसतं हसलो तरी भागतं. पण आम्हाला गावाकडे घर कधी नव्हतंच. मी चाळीत वाढलो, नोकरी बँकेत केली, चित्रकला रविवारची. आठवणींचा इथे काही संबंध नाही. मला हवी असते ती पडवीतली सावली.

रत्नागिरीकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तोही वाऱ्याबरोबर तिरपा. मातीच्या भिंतीवर हा पाऊस थेट आला तर ती किती टिकणार? म्हणून छपराची पाखं पडवीच्याही पुढे येतात आणि इतकी खाली उतरतात की उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. केलेली सोय पावसासाठी, पण उन्हाळ्यात तिच्यामुळेच घराच्या ऐन मध्यावर काळोखाचा एक आडवा पट्टा पडतो. वर तापलेली कौलं, खाली लख्ख अंगण. जलरंगवाल्याला याहून जास्त काही लागत नाही.

कारण पांढरा रंग मी वापरत नाही. पेटीत चायनीज व्हाइटची ट्यूब असते, पण ती लावली की ती जागा खडू फासल्यासारखी दिसते. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. चुना लावलेली भिंत उन्हात झळाळायला हवी असेल, तर त्या भिंतीला हात लावायचाच नाही, फार तर यलो ऑकरचं अगदी पाणीदार बोट. शेजारची पडवी गडद केली की भिंत आपोआप उजळते. पडवी फिकी राहिली तर भिंत मळकीच दिसणार, मग कागद कितीही महागाचा असो.

आणि पडवीचा अंधार काळा नसतो. नवशिके तिथे काळा लावतात आणि घराला भोक पडतं. मी निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना पॅलेटवर नीट न घोटताच उचलतो. वरच्या बाजूला, पाख्याच्या कडेखाली, निळा जास्त. खाली येता येता ओल्यातच थोडा लाइट रेड सोडायचा, कारण अंगणातल्या तांबड्या मातीवरून ऊन उसळून आत शिरतं आणि वाशांची खालची बाजू तांबूस करतं. अकराच्या उन्हात हे डोळे बारीक करून बघा, नक्की दिसेल. एकदा हा वॉश, म्हणजे रंगाचा पाणीदार थर, बसला की ब्रश बाजूला ठेवायचा. खांब, झोपाळ्याच्या कड्या, दाराची चौकट हे सगळं तो पूर्ण सुकल्यावर. मे महिन्यात तो बघता बघता सुकतो. जुलैत चहा पिऊन आलं तरी ओलाच असतो, शिवाय दमट हवेत कागदाला बुरशी धरली की रंग टिपकागदावर फुटावा तसा फुटतो. म्हणून पावसाळ्यात मी पेन्सिलीवरच भागवतो.

कौलं मात्र सोपी. एकेक कौल काढत बसलं तर छप्पर बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. कडेची चार-सहा काढावीत, बाकी खरखरीत कागदावर कोरडा ब्रश ओढावा.

स्लॅबच्या घराला बहुधा खिडकीपुरता छज्जा असतो. ऊन सरळ भिंतीवर, भिंत पोपटी नाहीतर जांभळी. मी काय रंगवू? मालकाने आधीच रंगवून ठेवलेलं असतं.

पण म्हणून कौलारू तेवढं अस्सल, असं मी म्हणणार नाही. ज्या मंगळुरी कौलांना आपण परंपरा म्हणतो ती कारखान्यातली. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. त्याआधी इथे होती ती गवताची, पेंढ्याची छपरं, नाहीतर नळीची देशी कौलं. ती साच्यातली लालभडक कौलं पहिल्यांदा गावात आली तेव्हाही कुणीतरी नाकं मुरडली असतीलच.

शिवाय त्या पाख्याखाली राहणाऱ्यांचं ऐकलंय मी. वानरं येऊन कौलं फोडतात. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, तिला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. घर सामाईक असलं तर खर्च कुणी करायचा यावरच दोन पावसाळे जातात. अंगणात स्टूल टाकून मी दोन तास रंगवतो आणि निघून येतो. त्यांनी स्लॅब का घातला हे विचारायचा मला काय अधिकार? एका काकूंनी चित्र बघून म्हटलं, “सुंदर आलंय हो, पण गळतं कुठे ते नाही दाखवलंत.”

आता एक मजा सांगतो. कोकणच्या पावसात स्लॅबही गळतो. मग लोक गच्चीवर लोखंडी खांब उभे करून पत्र्याचं छप्पर चढवतात, तेही चांगलं दोन-तीन फूट बाहेर काढून. हल्ली रस्त्याने जाताना मी ही घरं बघतो. वर निळा पत्रा, खाली वाळत घातलेली आमसुलं आणि कपडे, आणि मधे तोच गडद पट्टा, फक्त एक मजला वर गेलेला. निळ्या पत्र्याचा उजेड सावलीत उतरतो तेव्हा लाइट रेडचं काही चालत नाही, तिथे कोबाल्ट ब्लू लागतो. ते मिश्रण अजून मनासारखं जमलेलं नाही. तुमच्या गच्चीवर पत्रे असतील आणि सकाळचं ऊन अडत नसेल, तर मला बोलवा.