घटनेचा फॉर्म कुणाच्या टेबलावर जातो?

आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयाने एनएबीएच (रुग्णालयांची गुणवत्ता तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकनासाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. गुणवत्ता विभागाचं कामही माझ्याकडे आलं. सगळ्यांना वाटलं, आता फाइली आणि रजिस्टरं वाढणार. ती वाढलीच. माझं लक्ष मात्र एकाच प्रश्नावर होतं: वॉर्डात काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, तर सिस्टरने ते सांगायचं कुणाला?

घटनेचा फॉर्म आमच्याकडे आधीपासून होता. भरला की तो मेट्रन मॅडमकडे जायचा, तिथून प्रशासन कार्यालयात, आणि मग भरणारीच्याच नावाने मेमो यायचा. बऱ्याच मुली अकरा महिन्यांच्या करारावर, आणि करार वाढवायचा की नाही हे त्याच कार्यालयात ठरणार. मग कोण लिहील? रजिस्टर कोरं राहायचं आणि बैठकीत ते कोरं रजिस्टर अभिमानाने दाखवलं जायचं. मला ते बघवत नसे.

मेडिकल डायरेक्टर सरांकडे आम्ही एक मागणी लावून धरली. फॉर्म थेट गुणवत्ता विभागाकडे यावा, नाव लिहिण्याची सक्ती नसावी आणि प्रशासन कार्यालयाने तो पाहू नये. तोंडी होकार लवकर मिळाला, पण मुलींचा त्यावर विश्वास बसेना. सरांच्या सहीचं परिपत्रक वॉर्डात लागलं, त्यानंतरच पहिला फॉर्म आला.

नाइट ड्युटीच्या एका नव्या सिस्टरला, इंजेक्शन पातळ करायला वापरतात त्या डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये केसीएलचे, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचे, अँप्युल दिसले होते. "ताई, हे लिहिलं तर माझ्या कॉन्ट्रॅक्टला अडचण येणार नाही ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाव नको लिहूस. पण काय दिसलं, कुठे दिसलं, किती वाजता, ते सगळं लिही."

पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. जुन्या पद्धतीत ट्रे लावणारीला मेमो मिळाला असता आणि विषय संपला असता. या वेळी आम्ही मागे मागे गेलो. स्टोअरमध्ये दोन्ही औषधं शेजारी ठेवलेली, आणि रात्रीच्या इंडेंटला, म्हणजे वॉर्डाच्या औषध-मागणीला, दोन्ही एकाच खोक्यातून वर यायची. वॉर्डातला केसीएलचा साठा आम्ही बंदच केला. आता तो फक्त आयसीयूत, कुलपात, लाल लेबल लावून असतो, आणि देण्याआधी दोन सिस्टर तपासतात.

ऑपरेशन थिएटर जास्त अवघड गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची 2008 सालची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट आमच्याकडे होती, पण ती शस्त्रक्रिया झाल्यावर एकाच पेनाने, एकाच हाताने भरली जायची. आमचे बहुतेक सर्जन व्हिजिटिंग, रुग्णालयाचं उत्पन्न त्यांच्यावर अवलंबून. अशा सर्जनना विशीतली स्क्रब सिस्टर "सर, थांबा" कसं म्हणणार? तिला धीट व्हायला सांगणं मला अन्यायाचं वाटत होतं. शेवटी नियमच केला: टाइम आउट झाल्याशिवाय, म्हणजे रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने म्हटल्याशिवाय, सिस्टरने सर्जनच्या हातात सुरी द्यायची नाही. एक ज्येष्ठ सर्जन चिडले. डायरेक्टर सर स्वतः कपडे बदलून आत आले, सिस्टरच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "हा माझा आदेश आहे, तिचा नाही." हे एक वाक्य दहा प्रशिक्षणांपेक्षा जास्त कामाचं ठरलं, असं मी आजही मानते.

बेड नंबरऐवजी नाव आणि नोंदणी क्रमांकाने रुग्ण ओळखणं, फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवणं, हे त्या मानाने लवकर अंगवळणी पडलं.

तपासणीला आलेल्या असेसरनी आमच्या सफाईच्या मावशींना विचारलं, "पेशंट पडलेला दिसला तर काय करता?" मावशी म्हणाल्या, "त्याला एकटं सोडत नाही, सिस्टरला हाक मारते. मग सिस्टर माझ्याकडून ऐकून फॉर्म लिहितात." मानांकन नंतर मिळालं. मला आनंद या उत्तराचा झाला.

फॉर्म वाढले तसे ट्रस्टी धास्तावले, "चुका वाढल्या की काय?" त्यांना समजावून सांगावं लागलं की पूर्वी लपत होतं ते आता कागदावर येतंय. त्याच कागदांवरून दिसलं की रुग्ण पडण्याच्या घटना पहाटे जास्त आहेत, जेव्हा पूर्ण वॉर्डाला दोनच सिस्टर असतात. रात्रपाळीला तिसरी सिस्टर द्यावी, असा प्रस्ताव मी ट्रस्टींना दिला आहे, त्या फॉर्मच्या प्रती जोडून. खर्चाचं कारण सांगून तो एकदा परत आला. मी तो पुन्हा पाठवला आहे.