अर्धे उघडलेले शटर

गेल्या वर्षी वैशाखात वडील गेले. रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मी बेळगावच्या शहापुरातील आमच्या साड्यांच्या दुकानाचे शटर अर्धे वर केले, कारण खानापूरकडच्या एका घरच्या बस्त्याचे पैसे वडिलांनी आगाऊ घेतले होते आणि लग्न चार दिवसांवर आले होते. सुतकातल्या हाताने बस्ता देणे बरे नव्हे, म्हणून गठ्ठे कामगाराने बांधले. मी बाजूला उभा राहून वहीतील नावे तेवढी वाचून दाखवली. वहीवर वडिलांचा चष्मा घडी घालून ठेवलेला तसाच होता. संध्याकाळी समोरच्या काकूंचे बोलणे आईच्या कानावर आले : "बापाची राख निवायच्या आत दुकान उघडलं की ओ पोरानं."

तेव्हापासून वाहिन्यांवर एखाद्या नामांकित माणसाच्या घरच्या प्रसंगाची चिरफाड सुरू झाली, की मला ते शटर आठवते.

डिसेंबर 2006 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर आपल्याच कर्नाटकाविरुद्ध ('आपल्याच' हा शब्द लिहिताना सीमाभागातील लेखणी किंचित अडखळते, पण क्रिकेटपुरता तो चालवून घ्यावा) रणजी सामना चालू असताना अठरा वर्षांच्या विराट कोहलीचे वडील रात्री वारले. तो सकाळी खेळायला आला, 90 धावा करून बाद झाला आणि मग अंत्यसंस्काराला गेला. त्या निष्ठेचे कौतुक आजही सांगितले जाते. 14 वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये, ॲडलेडच्या कसोटीत संघ 36 धावांत गारद झाल्यानंतर तोच कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी, आधीच मंजूर झालेल्या रजेवर मायदेशी परतला, तेव्हा कर्णधाराने संघाला वाऱ्यावर सोडल्याची भाषा झाली, आणि 2015 च्या विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात असलेला धोनी मुलीच्या जन्मालाही परतला नव्हता, हा दाखला पुढे आला. घराकडे पाठ केली तेव्हा शाबासकी आणि घराकडे तोंड केले तेव्हा बोल, असा हा हिशेब आहे. त्यात त्या माणसाच्या दुःखाला किंवा आनंदाला रकानाच नाही. सचिन तेंडुलकर 1999 च्या विश्वचषकात वडिलांचे अंत्यसंस्कार उरकून इंग्लंडला परतला आणि केनियाविरुद्ध नाबाद 140 धावा काढल्या, म्हणून ती गोष्ट आपण मुलांना सांगतो. तो शून्यावर बाद झाला असता, तर घाई कशाला केली असे विचारणारेही निघाले असते, असा माझा अंदाज आहे.

कलावंतांच्या वाट्याला तर मरणाचीही घाई येते. नोव्हेंबर 2022 मध्ये विक्रम गोखले पुण्यातील रुग्णालयात असताना ते गेल्याची बातमी एका रात्री पसरली, श्रद्धांजल्या वाहून झाल्या आणि ते हयात असल्याचा खुलासा घरच्यांना करावा लागला. ते गेले 26 तारखेला. उशाशी बसायच्या त्या दिवसांत त्या घराने किती फोन उचलले असतील, याचा विचार बातमी देणाऱ्यांनी केला नाही.

प्रसिद्धीवर पोट भरणाऱ्यांनी तिची झळही सोसावी, हा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. लग्नाची छायाचित्रे स्वतःहून वाटणाऱ्याने सगळेच खाजगी म्हणू नये. पण आपण तिकीट काढतो ते खेळाचे. रुग्णालयातील खोलीचे किंवा स्मशानाच्या वाटेचे तिकीट आपल्याला कोणी विकलेले नसते.

गल्लीही बोलतेच, आणि गल्लीची जीभ वाहिन्यांपेक्षा मऊ असते असे मुळीच नाही. मात्र ज्या तीन दिवसांत आमची चूल पेटली नाही, त्या तिन्ही दिवशी पिठले-भाकरी आली ती त्याच समोरच्या काकूंच्या घरून. तेरावे झाल्यावर मी त्यांचे पातेले घासून परत द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी चहा ठेवला आणि दुकानाचा विषय पुन्हा काढला. मी चहा संपेपर्यंत ऐकून घेतले.