गळ टाकायला जोडीदार

मामांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांचं नदीवर येणं बंद झालं, मग माझं पण निम्मं बंद झालं. एकट्यानं जायची सवय नाही, घरच्यांनी पण सांगितलंय पाण्यावर एकटं जायचं नाही म्हणून, आणि ते बरोबरच आहे, बंधाऱ्याच्या दगडावर शेवाळ असतंय, पाय घसरला तर हाक मारायला कोणतरी पाहिजे. दोन वर्षं मी जोडीदार शोधत होतो. मित्र रग्गड आहेत, पण चार तास तंगूस, म्हणजे गळाची दोरी, धरून गप बसणारा त्यातला एक पण नाही.

पहिला आला तो स्पीकर घेऊन, आणि काठावर नुसता इकडनं तिकडं. पाय आपटलेला माशाला कळतो हे त्याला पटलंच नाही. दुसरा मनानं लई चांगला, पण रस्सा मंडळात, म्हणजे रश्श्याच्या जेवणाला जमणाऱ्या टोळक्यात, माणसं किती त्यावर किलो ठरवून यायचा आणि चिलापी (तिलापिया मासा) लागली की तोंड पाडायचा.

तिसऱ्याबरोबर मात्र फाटलं. जुलै महिना, पंचगंगेला पाणी आलेलं, राजाराम बंधारा पाण्याखाली, म्हणून आम्ही त्याच्या गावच्या तळ्यावर गेलो. तिथं पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, भात रटरटावा तसं पाणी हलत होतं. मरळीची पिल्लं. रोहू-कटला अंडी टाकून निघून जातात, पण मरळीचे आईबाप पिल्लांच्या खाली राखण करत फिरतात आणि जवळ काय पण आलं की झडप घालतात. म्हणजे तेव्हा मरळ धरणं सगळ्यात सोपं, पुंजक्यात बेडकी टाकायची, बास. त्यालाही हे माहीत होतं. मी म्हटलं नको लगा, ती गेली तर पिल्लांना राखणार कोण, बाकीचे मासे फस्त करतील की. तर म्हणतोय, मग आलोय कशाला? मी गळ गुंडाळला आणि गाडीला किक मारली. अजून आमचं बोलणं नीट नाही, वाईट वाटतंय त्याचं, पण परत तशी वेळ आली तर मी तसाच उठीन.

आण्णा भेटले ते त्याच वर्षी दिवाळीनंतर. बंधाऱ्याला नुकते बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी तुंबून संथ झालेलं. आण्णा पन्नाशी ओलांडलेले, आले आणि माझ्यापासनं वीस पावलं सोडून बसले, मला तिथंच माणूस आवडला, कारण दुसऱ्यानं धरलेल्या जागेत गळ टाकायचा नाही हे सांगून येत नाही. दीड तास कोण कोणाशी बोललं नाही. मग माझा गळ खाली दगडात अडकून तुटला, तर आपल्या डबीतला एक काढून दिला आणि परत जाऊन बसले.

आण्णा मासा बघायच्या आधी पाणी बघतात. गेल्या पावसाळ्यात भोगावतीच्या काठाला होतो, माझा तरंग, म्हणजे गळाच्या दोरीला बांधलेला तरंगता तुकडा, नुकताच बुडायला लागलेला, तेवढ्यात त्यांना फोन आला की वरच्या राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडले. तिथले सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातनं 1428 क्युसेक पाणी येतंय. मी म्हटलं पाणी इथपर्यंत यायला वेळ आहे, थोडं थांबूया. ते काय बोलले नाहीत, स्वतःचं आवरलं, मग माझा गांडुळांचा डबा पण उचलला आणि चालायला लागले.

मरळीचं मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, खरं सांगायचं तर भीती वाटायची. यंदा जुलैत त्याच तळ्यावर गेलो आणि तसाच पुंजका दिसला. आण्णांनी पाण्यात टाकलेला गळ हळूच बाहेर काढला, खाली बसले, तंबाखू मळत म्हणाले, "बघ, खाली हाय ती." अर्धा तास आम्ही नुसतं बघत बसलो. मग पलीकडच्या काठाला गेलो, दोन चिलापी मिळाल्या, एक त्यांनी नेली, एक मी.