मागचे पाटे निवडताना

जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी मागून बसली की हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘एक पाटा वाढवा’. पाटा म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणारी कमानदार पोलादी पट्टी, लीफ स्प्रिंग. गाडी उचलली जाते हे खरं, पण मागे बसणाऱ्याचे हाल होतात. बसलेल्या पाट्यांची कमान गेलेली असते. ताठपणा जवळपास पहिल्याइतकाच असतो. गेली कमान, आणि आपण वाढवतो ताठपणा!

म्हणून आधी मोजा. सपाट जागा, चारही टायरांत योग्य हवा, डिकी रिकामी. गाडी मागून चार-पाच वेळा दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर घ्या. पाटे उतरवल्यावर एका टोकाच्या डोळ्यापासून (वळवलेल्या कडीपासून) दुसऱ्या टोकाच्या डोळ्यापर्यंत दोरी ताणून सेंटर बोल्टपाशी (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टपाशी) कमानीची खोली मोजा. गाडी २५ मि.मी. उचलायची असेल, तर साधारण तेवढीच कमान वाढवून घ्यायची.

ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मि.मी.च्या जागी त्याच लांबी-रुंदीचा ७ मि.मी.चा पाटा टाकला, तर तो एकटा सुमारे ५९ टक्के जास्त ताठ होतो. ट्रकचा पाटा कापून कारला बसवू नये, ते याचसाठी. कायम डिकी भरून खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीला थोडा ताठ सेट चालेल. शहरातल्या स्पीडब्रेकरवर तोच सेट दणके देईल.

इंजिन दमदार असेल तर आणखी एक गोष्ट येते. जोरात पिकअप घेतला की मागची चाकं जोडणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल स्वतःभोवती वळू पाहतो, पाटा ‘एस’सारखा मुरडतो आणि चाक जमिनीवर उड्या मारतं. १९६७च्या शेवरले कॅमॅरोला मागे दोन्ही बाजूंना एकेकच पाटा होता, तिथे हाच त्रास होता. १९६८मध्ये मागचे शॉकअप एक अ‍ॅक्सलच्या पुढे, एक मागे असे बसवले आणि ताकदवान मॉडेलांना अनेक पाट्यांचा सेट दिला. गाडी खाली घ्यायला पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये उंच ब्लॉक (ठोकळे) घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ब्लॉकमुळे हा पीळ वाढतोच.

जुन्या पाट्यांना कमान भरून घेणार असाल, तर गॅसने तापवून ठोकू देऊ नका. स्प्रिंग स्टीलचं टेंपर (तापवून-थंड करून आणलेला चिवटपणा) जातं आणि पाटा तिथेच तुटतो किंवा लवकरच पुन्हा बसतो. नुसता गार ठोकलेला पाटाही फार टिकत नाही. तापवून कमान, तेलात बुडवणं आणि पुन्हा टेंपर, हे सगळं करणारा कारागीर नसेल तर नवा सेट घ्या, तोही जोडीनेच.

पाट्यांना कवटाळणाऱ्या क्लिपा नीट पाहा. त्या नसल्या तर चाक खाली लोंबकळताना सगळा ताण डोळे असलेल्या सर्वांत लांब, मेन पाट्यावर येतो आणि तो डोळ्यापाशी जातो. सेंटर बोल्ट तुटला असेल तर बहुतेक वेळा दोष पाटे अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या ढिल्या यू-बोल्टचा असतो. अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट नवेच घाला आणि आलटून पालटून आवळा.

डोळ्यांत बसणाऱ्या रबरी बुशांचे नट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तेव्हाच शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक गाडीला टांगणारा झुलता दुवा, बघा. तो सरळ उभा किंवा पुढे झुकलेला दिसला तर कमान जास्त झाली आहे. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.