तुम्ही विचारलंत म्हणून : यात सम कुठे असते?

तबल्याच्या बैठकीत पेटीवर लेहरा, म्हणजे तालाच्या मापाची तीच ती सुरांची ओळ, धरायचं काम मी गेली वीसेक वर्षं करतोय. मी जॅझ ऐकतो हे कळल्यापासून आमच्या मंडळींचा एकच प्रश्न : "ते सगळं ठीक, पण यात सम कुठे असते हो?" विचारण्यात खोच असते. सम म्हणजे तालाच्या चक्राची पहिली मात्रा, जिथे फिरून यायचं ती जागा. ती नसणारच, हे गृहीत. चहा संपेपर्यंत एकेकाला उत्तर देऊन दमलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हे खूळ भाचीमुळे शिरलं. तिने २०२१ साली आलेला 'अनईझी' हा अल्बम पाठवला. "मामा, पियानोवर विजय अय्यर आहे." अय्यर म्हटल्यावर मी मनात मृदंग लावून बसलो. तसलं काहीच नव्हतं. गृहस्थ जन्मला न्यूयॉर्क राज्यात, आईवडील तमिळ. लहानपणी रीतसर व्हायोलिन शिकला, पियानो मात्र बराचसा कानाने. पुढे येल विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि गणित, आणि आता हार्वर्डमध्ये संगीताचा प्राध्यापक. तबल्याला घेऊन त्याने २०११ मध्ये 'तीर्थ' केलं, नितीन मित्ता आणि गिटारवाला प्रसन्ना यांच्याबरोबर. पण ते प्रकरण वेगळं. इथे त्याच्या जोडीला डबल बेसवर लिंडा मे हान ओह आणि ड्रम्सवर टायशॉन सोरी. बस्स, तिघंच.

पहिल्यांदा ऐकताना मी सवयीने मांडीवर बोट धरलं आणि तीन मिनिटांत हरवलो. ठेका कोण देतंय हेच कळेना. बेस धरून चाललो तर बेस मध्येच थांबून काहीतरी बोलायला लागे. ड्रम्सकडे गेलो तर सोरी झांजेवर नुसतं हवेसारखं फिरवत होता. मुख्य कोण आणि साथीला कोण, याचाही पत्ता नाही. आमच्याकडे तबलजीने कितीही कोलांट्या मारल्या तरी पेटी जागेवर असते. चंद्रकंसाची तीच ओळ चाळीस मिनिटं. ऐकणाऱ्याला सम सापडते ती त्या ओळीमुळे. (एकदा भर कार्यक्रमात माझी एक मात्रा सुटली होती. तबलजींनी नुसतं वळून बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.)

तर सम आहे. पण लेहरा वाजत नाही. तो तिघांच्याही डोक्यात चालू असतो.

'अनईझी'वर कोल पोर्टर या गीतकार-संगीतकाराचं 'नाइट अँड डे' हे १९३२ सालचं गाणं आहे. मूळ गाण्याचा साचा ४८ बारचा. बार म्हणजे त्यांचा मात्रांचा छोटा गट, इथे एका बारात चार मात्रा. झाल्या १९२ मात्रा, म्हणजे आपल्या सोळा मात्रांच्या त्रितालाची बरोबर १२ आवर्तनं (चक्रं). एवढी चक्कर पूर्ण झाली की त्यांचा एक 'कोरस' होतो आणि पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं. त्या जागेला ते 'टॉप' म्हणतात. सोळा मात्रांनी मान हलवायची सवय असलेल्याला वाटतं, सम आलीच नाही! ती येते, पण सावकाश. आणि आपण कुठवर आलो हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतात त्यावरून ओळखायचं, जशी डग्ग्याची घुमक गेली की आपण खाली, म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा, ओळखतो.

करून बघायचं असेल तर लगेच या तिघांकडे जाऊ नका. आधी हेच गाणं एला फिट्झगेराल्डच्या आवाजात ऐका, १९५६ चं. सुरुवातीचा प्रस्तावनेसारखा तुकडा सोडून द्या. मग एका हाताची चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. एका पेराला सोळा मात्रा. बारावं पेर संपलं की टॉप. मी दोन रविवार हेच करत होतो. घरच्यांना वाटलं, जप सुरू केला.

त्रयीचा पुढचा अल्बम 'कम्पॅशन', २०२४ चा. आता पेरं मोजावी लागत नाहीत, म्हणजे सगळीकडे नाही. स्टीवी वंडरच्या 'ओव्हरजॉइड'मध्ये तर हात आपोआप हलतो. 'इट गोज' एमेट टिलसाठी आहे. १९५५ साली मिसिसिपीत ज्याला गोऱ्यांनी मारलं तो चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. त्या तुकड्यात मी काहीच मोजलं नाही. उलट सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेलचं 'नोनाह' मला अजून पचलेलं नाही. काटेरी आहे, आणि तिथे सम विचाराल तर मी हात जोडीन.

शेवटची रचना मात्र आपल्या मंडळींना मुद्दाम ऐकवतो. तिच्या उत्तरार्धात जेरी अॅलन या पियानोवादक बाईंचं 'ड्रमर्स साँग' आहे. २०१७ साली त्या गेल्या. इथे अय्यर एक छोटी, वाकडीतिकडी ओळ धरतो आणि तीच पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, आणि तिच्यावर सोरी मोकळा सुटतो. पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. हार्वर्डचा प्राध्यापक माझंच काम करत होता!