धर्मपुरीच्या अलीकडचा वड

पंढरीच्या वारीत फलटण सोडलं तेव्हा डाव्या चवड्याखाली एक फोड होता. बरडला पोचेपर्यंत तीन झाले. खरं तर सुरुवात दिवे घाटातच झाली होती. घाटात पावसानं गाठलं, चपला भिजल्या आणि त्याच ओल्या पट्ट्यांनी मी चालत राहिले. सासवडला दोन रात्री मुक्काम असूनही त्या वाळल्या नाहीत. जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, लोणंद... हे दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या मुक्कामाला पिठलं-भाकरी होती आणि कुठं रात्री तंबूत पाणी शिरलं, ते विचारलंत तर सांगता येणार नाही. कुठल्या झाडाखाली बसलो ते मात्र सांगेन.

ही सवय आत्याची. आत्यानं वीसेक वाऱ्या केल्या आणि २०११ साली मला पहिल्यांदा बरोबर नेलं. ती गावांची नावं घ्यायची नाही. "आज चिंचेपाशी पाणी पिऊ, मग जोडवड आला की पाठ टेकू, तिथनं विहिरीवरच्या उंबरापर्यंत बसायचं नाही." तिची सगळी वारी अशी झाडांवरून चालायची. एखादं झाड लांबून दिसलं की "आला गं बाई" म्हणायची, जसं माहेरच्या वाटेवर भाऊ न्यायला आल्यावर म्हणतात. बुंध्याला हात लावून तो हात कपाळाला, मगच बसायचं. तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटलं ते आपण सगळेच गातो. आत्या मात्र ते नातं पाळायची.

आता आत्या नाही. आणि तिच्या यादीतली बरीच झाडंही नाहीत.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१च्या नोव्हेंबरात पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि २०२२ला पुन्हा पायी निघालो तेव्हा जोडवड जिथं होता तिथं नुसतं आभाळ होतं. रस्ता रुंद हवा होता, हे मला कळतं. लाखो माणसं, मधूनच वाहनं, वारीत अपघात झालेले मी पाहिलेत. रुंद रस्त्यावर आता दिंडीची ओळ मोडत नाही, म्हाताऱ्या माणसांना रेटारेटी होत नाही. तरी दुपारी बारा वाजता त्या रस्त्यावर पाय ठेवला की राग येतो. खालून फुफाटा, वरून ऊन, आणि दोन्ही कडेला हातभर उंचीची नवी रोपं जाळीत उभी. त्यांची सावली आमच्या नातवंडांना. मध्ये एका ठिकाणी कापलेल्या वडाचा ओंडका परत पुरलेला दिसला. त्याच्या टोकाला तांबूस पालवी फुटली होती. वडाची जाड फांदीसुद्धा मातीत रोवली तर जगते. आमच्या दिंडीतल्या एका काकांनी बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं आणि काही न बोलता टाळ वाजवत पुढं गेले.

प्रस्थानाच्या गर्दीत माउलींच्या समाधीपाशी असलेल्या अजानवृक्षापर्यंत पोचणं होत नाही, म्हणून यंदा मी आठवडाभर आधीच आळंदीला जाऊन आले होते. सकाळची वेळ, चारपाच जण ज्ञानेश्वरी वाचत बसलेले. माउलींच्या कंठाला या झाडाची मुळी लागली आणि ती सोडवायला एकनाथमहाराजांना स्वप्नात बोलावणं आलं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. रानात याच झाडाला दातरंग म्हणतात, गुराखी पोरं पान चावून तोंड लाल करतात, हे पुष्कळ नंतर कळलं. पण मला त्यानं काही उणं वाटलं नाही. उलट रानातलं एक साधं झाड समाधीपाशी येऊन उभं राहिलं, याचंच भरून आलं. एक पान आपसूक गळून पायाशी पडलं. ते मी हरिपाठाच्या पुस्तकात ठेवलं. देहूच्या नांदुरकीच्या झाडापाशीही एकदा तुकाराम बीजेला उभी राहिले आहे. तुकोबा वैकुंठाला गेले त्या घटकेला ते हलतं म्हणतात. दुपारचे बारा वाजले, फुलं उधळली गेली आणि हजारो डोळे एका झाडाच्या पानांकडं लागले. पानं हलली का, हे मला विचारू नका. माझे डोळे पाण्यानं भरले होते.

लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावला, टापांखालची माती कपाळाला लागली. कुठला तो लिंब, हे मात्र गर्दीत मला दिसलं नाही. नाव तेवढं कानावर येत राहिलं.

तर बरड सोडल्यानंतरची दुपार. सकाळपासून पावसाचा थेंब नव्हता. मी टाच टेकून, चवडा उचलून चालत होते, त्यामुळं पोटरीत गोळे आलेले. पुढची दिंडी निघून गेली, मागची आली, तीही निघून गेली. औषधोपचाराच्या तंबूपाशी भली मोठी रांग होती. पायाचाच उपचार आणि त्यासाठी तासभर पायांवरच उभं राहायचं, हे बघून मी तशीच पुढं गेले. मनात विठ्ठल नव्हता. मनात होतं, की कुणी माझ्याशी बोलू नये. एका मुलीनं आनंदानं "माउली, फुगडी?" म्हणून हात पुढं केला आणि मी तिच्याकडं न बघता पुढं सरकले. त्याची रुखरुख अजून आहे.

धर्मपुरीच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडा आत एक वड राहिलाय. रस्त्याची हद्द त्याच्या पारंब्यांना शिवून जाते, म्हणूनच वाचला असावा. आत्याच्या यादीत तो नव्हता, कारण तेव्हा त्याच्याआधी दोन मोठे वड होते आणि आम्ही तिथंच बसायचो. लांबून तो एखाद्या टेकाडासारखा दिसतो. जवळ गेलं की पहिल्यांदा डोळ्यांना नाही, कातडीला कळतो. उन्हातून त्याच्या खाली पाऊल टाकलं आणि घामावर गार फुंकर आल्यासारखं झालं. मांडवाखालीही सावली असते, पण ती कोरडी. झाड पानापानातून पाणी सोडतं, म्हणून त्याच्या सावलीला ओल असते. पाठ आपोआप सैल झाली.

खाली शेदोनशे माणसं तरी असतील, पण तिथं गलका नव्हता. कुणी धोतर वाळत घातलेलं, कुणी भाकरी सोडलेली, कुणी पताकेच्या काठीवर डोकं ठेवून झोपलेलं. एका दिंडीचे विणेकरी उभेच होते. वीणा खाली ठेवायची नाही आणि घ्यायला दुसरा माणूस अजून आलेला नव्हता. ते बुंध्याला पाठ लावून, वीणा छातीशी धरून, डोळे मिटून उभे होते. इतका थकलेला माणूस आणि इतकं जुनं झाड असं एकमेकांना टेकलेलं पाहिलं आणि माझा सकाळपासूनचा चिडका जीव थोडा शांत झाला.

पण थोडाच. कारण पलीकडच्या अंगाला एका माणसानं चहासाठी तीन दगडांची चूल मांडली होती, ती थेट बुंध्याच्या ढोलीत. वारा लागत नाही म्हणून. साल आधीच काळी पडलेली. मी म्हटलं, "माउली, झाड जळेल. चूल बाहेर घ्या."
"एवढ्या मोठ्या झाडाला काय होतंय?"
"आतून पोकळ झालंय, आत धग धरून राहते."
"तुम्ही बसा ना तिकडं."

मग माझा आवाज चढला. वारीत, माळ गळ्यात असताना, मी एका माउलीवर ओरडले. वडाच्या अंगात आधीच चार खिळे होते, फलक ठोकलेले, एकावर तर पंढरीला जाणाऱ्यांचं स्वागत केलेलं, तेही तेव्हाच दिसले आणि राग आणखी वाढला. तो माणूस उठून उभा राहिला. इतक्यात मागून आवाज आला, "ए बाबा, उचल ती चूल. आन् तू, पोरी, हिकडं ये. पाय दाव."

एक आजी होत्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळावर बुक्का, शेजारी तुळशीवृंदावन फडक्यावर ठेवलेलं. चूलवाल्यानं मुकाट्यानं दगड हलवले. मी आजींपुढं जाऊन बसले.

त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी मागं ओढला, वयानं एवढ्या मोठ्या बाईच्या मांडीवर पाय कसा द्यायचा. त्यांनी घोटा घट्ट धरला. "माउलीचा पाय हाय. गप ऱ्हा." कनवटीच्या डबीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोऱ्याचा तुकडा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "कातडं काढायचं न्हाई. दोरा ऱ्हाऊ दे, पाणी त्याच्यावाटं जातंय." एक झाला, दुसरा, तिसरा. मग खोबरेल आणि हळद. एवढा वेळ त्या माझ्या तोंडाकडं न बघता पायाशीच बोलत होत्या. मी वर बघत होते, कारण खाली बघवत नव्हतं.

वर, बुंध्याभोवती वटपौर्णिमेचं सूत होतं. तीन आठवड्यांपूर्वी गुंडाळलेलं, धुळीनं करडं झालेलं, कुठं तुटून वाऱ्यावर हलणारं. शेकडो पदर. तिसऱ्या फोडाला दोरा अपुरा पडला तेव्हा मी हात लांब करून त्यातलंच एक टोक धरलं.

"सोड," आजी म्हणाल्या. "ती झाडाची वस्तू. कुणा लेकीबाळीनं मागणं मागून बांधलंय." आणि स्वतःच्या पदराच्या काठाचा एक दोरा उसवून घेतला.

काम झाल्यावर त्यांनी बुंध्यावर थाप मारली. "किती वर्साचं आसंल गं हे?"

मी म्हटलं, वडाचं वय सांगणं अवघड. सागाला दर वर्षाचं कडं पडतं तसं वडाचं वाचता येत नाही. शिवाय आपण बुंधा म्हणतो ती पुष्कळदा एकमेकांत वाढलेली मुळंच असतात. कोलकात्याजवळ शिबपूरच्या बागेत एक वड आहे, अडीचशे वर्षांच्या पुढचा. त्याचं मूळ खोड कीड-बुरशीनं गेलं, १९२५ साली कापून काढावं लागलं. आज तो नुसत्या पारंब्यांवर उभा आहे, पारंब्या तीन हजारांवर, आणि लांबून जंगल वाटावं एवढा पसरलाय.

आजींनी ऐकून घेतलं. बराच वेळ एका जाड पारंबीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या दिंडीचं तसंच झालं. मालक गेले, त्येंचा ल्योक गेला. आता नातू चालवतोय."

यंदा गुडघ्यांमुळं त्या लोणंदला येऊन मिळाल्या होत्या, आळंदी राहून गेली होती. हे त्यांनी सहज सांगितलं, पण सांगताना हात तुळशीवरून फिरत राहिला. मी हरिपाठाच्या पुस्तकातून अजानाचं पान काढून त्यांना दिलं. वाळून कडक झालं होतं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, आधी कळलं नाही, मी सांगितलं तेव्हा कळलं. दोन्ही डोळ्यांना लावलं. मग पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली, ती गाठ कमरेला खोचली, आणि मग एकदम उठून मघाच्या त्या चूलवाल्याकडं चहा मागायला गेल्या. तीन कप आणले. एक मला, एक स्वतःला, एक विणेकऱ्यांना. विणेकऱ्यांचा हात मोकळा नव्हता, तर आजींनी कप त्यांच्या ओठाला लावला.

मी त्या चूलवाल्या माउलींच्या पाया पडले. ते माझ्या पाया पडले. चूल आता चांगली दहा हात लांब होती आणि वाऱ्यानं सारखी विझत होती.

निघताना आजी म्हणाल्या, "पुढल्या साली हितंच." नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी बुंध्याला हात लावला. साल ऊबदार होती, जनावराच्या अंगासारखी. चार पावलं गेल्यावर वळून पाहिलं तर आमच्या मागची दिंडी येऊन बसत होती आणि येणारा प्रत्येक जण, बसण्याआधी, हात बुंध्याला आणि मग कपाळाला लावत होता. कुणी कुणाला शिकवलेलं नाही हे.

नातेपुते. सदाशिवनगरचं गोल रिंगण. वेळापूरच्या उतारावर धावा झाला, तेव्हा दोरे पायात असतानाच धावले, आणि दुखलं नाही. बाजीरावाची विहीर, वाखरी. पंढरपुरात कळसाचं दर्शन झालं, आतल्या रांगेत उभं राहण्याइतका पाय नव्हता. चंद्रभागेत उभी असताना फोडांतला एक दोरा सुटून पाण्यात गेला. उरलेले मी तसेच ठेवले.

परतीची एसटी रात्री निघाली, माळशिरस-फलटणवरून जाणारी. मुद्दाम डाव्या बाजूची खिडकी धरली होती. एकदा तरी तो वड रात्रीचा, माणसांशिवाय बघायचा होता. नातेपुत्यापर्यंत जागी होते. खिडकीच्या गार काचेला कपाळ लावून मोजत होते, लिंब, बाभूळ, चिंच, मोकळं आभाळ, मोकळं आभाळ. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा फलटणच्या स्टँडवर गाडी उभी होती आणि शेजारच्या बाईनं तिची शाल माझ्या पायांवर टाकली होती.