आमची वाटचाल : दगड मी आणते, दाढी दादा करतो

आम्ही जे विकतो ते मी स्वतः आजवर एकदाही वापरलेलं नाही. जपानच्या डोंगरातून निघालेले, वस्तऱ्याला शेवटची धार देणारे दगड हा आमचा माल. पारखून आणते मी आणि गालावर आजमावतो माझा मोठा भाऊ. पहिल्या दिवसापासून कामाची वाटणी हीच आहे.

आमचं घर नाभिकाचं. साताऱ्याला आजोबांचं सलून होतं. त्यांच्या धोकटीत जर्मनीतल्या झोलिंगनचे दोन वस्तरे, चामड्याचा पट्टा आणि झिजून मध्ये खोलगट झालेला निसणा असायचा. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली, गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच "नवीन ब्लेड लावा" म्हणू लागलं आणि अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. ते योग्यच झालं, पण पाजवायचं काम दुकानातून गेलं ते गेलंच. आजोबांकडून ते शिकलेला आमच्या घरातला शेवटचा माणूस म्हणजे दादा.

मी पुण्यात जपानी शिकले आणि दुभाषी म्हणून नोकरीला लागले. 2011 मध्ये कंपनीच्या कामासाठी सहा महिने ओसाकात होते. दादाचा फोन आला, "तिकडं क्योतोचा दगड मिळतो म्हणे वस्तऱ्याचा. बघ एखादा." मी बघितला तो एका ऑनलाइन लिलावात. बाजूवर ठसठशीत शिक्का, खाली 'नाकायामा' या खाणीचं नाव. अर्धा पगार घातला. दादाने त्यावर आजोबांचा वस्तरा फिरवला आणि भिंगातून पाहिलं, तर धारेला करवतीसारखे दाते पडलेले. दगडातून एक बारीक रेष गेली होती आणि तिच्यात काहीतरी टणक होतं. जपानीत अशा रेषेला सुजी म्हणतात. सगळ्या सुजी वाईट नसतात, ही होती. दादा एवढंच म्हणाला, "शिक्क्याने दाढी होत नाही गं." शिक्का मारणारे व्यापारी बरेच होते आणि रबरी शिक्का आजही कुठेही बनवून मिळतो, हे मला फार उशिरा कळलं.

मग राग म्हणून असेल, मी क्योतोच्या वायव्येला गेले. ताकाओच्या रस्त्यावर उमेगाहाता नावाचा भाग आहे. शरदात लाल मेपल बघायला बसा भरभरून जातात, तोच रस्ता. नाकायामा, ओझुकु, ओकुदो, शोबुदानी ही दगडवाल्यांच्या तोंडी असलेली नावं याच डोंगरांतली. त्या जुन्या खाणी आता बहुतेक बंद आहेत. थोडंफार खोदकाम चालतं ते कामेओकाच्या बाजूला. बाकी बाजारात फिरतो तो जुना साठा : कुणा व्यापाऱ्याच्या गोदामातला, तलवारी घासणाऱ्याच्या, सुताराच्या, नाहीतर दुकान बंद केलेल्या न्हाव्याच्या घरातला.

हा दगड म्हणजे सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा खोल समुद्राच्या तळचा गाळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या सागरी जिवांच्या सिलिकाच्या कवचांचा चुरा आणि चिकणमाती थरावर थर बसून घट्ट झाली. पुढे भूकवचाच्या हालचालींनी तो तळ जपानच्या किनाऱ्याला चिकटला आणि डोंगर झाला. पहिल्या मालाच्या वेळी कस्टममधल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, "दगड जपानहून? सह्याद्री कमी पडला का?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण आपला काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला. त्यात टणक आणि मऊ कण शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यावर कोयता पाजवावा. तरी हे सगळं सांगून झाल्यावरही साहेबांनी पेटी उघडायला लावलीच.

दुभाषी असल्याचा फायदा होईल असं वाटलं होतं, पण या धंद्यातले शब्द शब्दकोशात सापडेनात. बारीक छिद्रं असलेल्या थराचा दगड तो सुइता, बिनछिद्राचा तो तोमाए. पेअरच्या सालीसारखे ठिपके असले की नाशिजी, तीळ सांडल्यासारखे असले की गोमा, तांबूस कमळासारखे असले की रेंगे आणि काळे शिंतोडे असले की कारासु, म्हणजे कावळा. मी हरखून जायचे. कावळा असलेला दगड दुप्पट किमतीला घेऊन आले तेव्हा दादाने दोन दाढ्या केल्या आणि म्हणाला, "कावळा छान आहे. धार शेजारच्या साध्या राखाडी दगडाची चांगली आहे." रंगाला पैसे मोजायचे मी त्या दिवशी बंद केले.

खरं शिकवलं ते क्योतोतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने. मी आवडीने बाजूला काढलेले आठही दगड त्यांनी परत फळीवर ठेवले. "हे सुऱ्यांचे," म्हणाले. सुरी पाजवणाऱ्याला जरा मऊ, लवकर गाळ सोडणारा दगड हवा असतो. वस्तऱ्याला कडक हवा. पाणी टाकलं तर ते वर उभं राहिलं पाहिजे, आत मुरता कामा नये. नखाने टिचकी मारली तर आवाज स्वच्छ यायला हवा. आणि मोठी चौकोनी वीट तर अजिबात नको. वस्तरा दगडावरून अलगद फिरतो, एका माणसाच्या आयुष्यात दगड नखभरही झिजत नाही. वेडेवाकडे कापून उरलेले तुकडे, ज्यांना कोप्पा म्हणतात, तेच घ्या. वरची बाजू सपाट असली की पुरे, खालून कसाही असो. आमचा सगळा धंदा त्यांच्या या एका सल्ल्यावर उभा आहे.

2014 मध्ये नोकरी सोडली आणि सात दगड मागवले. त्यातले दोन पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकासारखे उलगडले. थरांचा दगड, कडेने पाणी शिरतं. म्हाताऱ्यांना कळवलं तर त्यांनी पुढच्या पेटीत एक डबा टाकला : बाजूंना हा रंग लावा. डब्यावर लिहिलेलं 'काश्यू'. जपानमध्ये लाखेऐवजी वापरला जाणारा हा रंग काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनतो! आमची मावशी वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात होती. त्या तेलाने कातडी जाते म्हणून बायका हाताला राख चोळून बिया सोलायच्या. मावशीला डबा दाखवला तर झाकण उघडायच्या आधीच हात मागे घेतला तिने.

आता दादाची पद्धत. वस्तरा आधी 1000, 5000 आणि 8000 नंबरच्या कृत्रिम दगडांवर तयार होतो (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). मग आलेला नवा दगड. त्याच जातीचा लहान तुकडा, तोमोनागुरा, वर घासून दुधासारखा गाळ काढायचा. त्यावर वस्तरा फिरवत गाळ थेंबाथेंबाने पातळ करत न्यायचा आणि शेवटचे हात नितळ पाण्यावर. पाते नि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली, बोटांचा भार जवळजवळ नाहीच. नंतर चामड्याचा पट्टा. डाव्या गालाला 12000 च्या कृत्रिम दगडाची धार, उजव्या गालाला नव्या दगडाची. वही काढतो आणि एक शब्द लिहितो : चालेल, ठेव किंवा नको. एका दगडाला किमान दोन दाढ्या, दोन वेगळ्या वस्तऱ्यांनी. आणि दाढी दिवसातून एकदाच येते. त्यामुळे महिन्याला बारा-पंधरा दगडांच्या पुढे आमचा माल जात नाही. मध्ये एका मोठ्या दुकानाने महिन्याला चाळीस मागितले, शिक्क्यासकट. दादाने आरशात पाहिलं आणि नाही म्हणाला.

2020 मध्ये विमानं थांबली आणि पैसे दिलेली पेटी क्योतोतच अडकली. पर्यटकांना जपान पुन्हा मोकळं झालं ते ऑक्टोबर 2022 मध्ये. येन तेव्हा घसरलेला, मला वाटलं स्वस्तात मिळेल. पण तेच गणित जगभरच्या गिऱ्हाइकांनी केलेलं होतं. फळ्या अर्ध्या रिकाम्या आणि उरलेल्या दगडांचे भाव चढलेले. म्हाताऱ्यांनी आमच्यासाठी अकरा कोप्पे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. वर चिठ्ठी, 'दाढीवाल्या भावासाठी'.

आमची गिऱ्हाइकं बहुतेक हौशी. बंगळुरूची, पुण्याची, काही न्यू जर्सीतली मराठी मंडळी. सलूनवाला दहा वर्षांत एकच आला, आणि तोही दगड हातात घेऊन, आजोबांची आठवण काढून परत गेला. अनेक जण "किती नंबरचा?" विचारतात. नैसर्गिक दगडाला नंबर नसतो. "20,000 च्या बरोबरीचा" असं छापा, खप वाढेल, असं सांगणारे भेटतात. आम्ही वहीतले शब्द छापतो. आणि ज्याच्याकडे 1000 आणि 8000 चे दगडच नाहीत त्याला आम्ही जपानी दगड विकत नाही. आधी ते घ्या, सहा महिने हात बसवा, मग या. त्यातले निम्मे परत येत नाहीत.

'नको' लिहिलेले दगड स्वयंपाकाच्या सुऱ्या वापरणाऱ्यांना कमी भावात जातात, दोष सांगून. फक्त तो पहिला, शिक्क्याचा नाकायामा, विकवत नाही. तो आईकडे ओट्याखाली आहे. विळी त्यावरच पाजवतो दादा, आणि आईची तक्रार असते की भाजीपेक्षा बोटच आधी कापतं.